कार्यालयाच्या कपाटात पडून असलेले जुने लॅपटॉप शाळेला कसे मिळतील?

सड्यावरची_शाळा (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मी शिक्षक आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका शासकीय कार्यालयाने २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले लॅपटॉप नवी यंत्रे आल्यावर वापरातून काढले असून, ते आता एका लोखंडी कपाटात एकावर एक रचून ठेवलेले आहेत. वीसेक तरी असावेत. त्यांतले काही अजून सुरू होतात, काहींचा फक्त चार्जर हरवलेला आहे आणि काही खरोखरच मोडलेले आहेत. आमच्या शाळेत सहावी-सातवीची मुले एकाच डेस्कटॉपभोवती दाटीवाटीने उभी राहून संगणक शिकतात. एक जण माउस धरतो आणि बाकीचे बघतात.

मी तोंडी विचारणा केली, तेव्हा निर्लेखन (म्हणजे वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करणे) झाल्याशिवाय वस्तू हलवता येत नाही आणि निर्लेखन झाले की लिलावच करावा लागतो, असे उत्तर मिळाले. लिलाव म्हणजे अखेर वजनावर भंगार. निर्लेखनाची बैठक कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. दरम्यान आणखी एक पावसाळा त्या कपाटात गेला, तर आज सुरू होणारी यंत्रेही उद्या सुरू होणार नाहीत, ही माझी खरी चिंता आहे.

लिलाव न करता अशी यंत्रे शाळेकडे देण्याची काही रीतसर वाट आहे का, हे जाणकारांनी सांगावे. त्यांत नागरिकांची कागदपत्रे असणार, त्यांचे काय करावे? विंडोज १० चा आधार संपल्यानंतर इतक्या जुन्या यंत्रांचा शाळेला कितपत उपयोग होईल? आणि जी दुरुस्त होणार नाहीत, त्यांची आमच्या भागात योग्य विल्हेवाट कुठे लागते? सल्ला आपल्या भागातली परिस्थिती लक्षात घेऊन द्यावा, ही विनंती.

निवृत्त_भांडारपाल यांचे उत्तर

गुरुजी, नमस्कार. भांडार आणि लेखा शाखेत माझी नोकरी गेली, त्यामुळे कागदाच्या बाजूने लिहितो.

आपल्याला मिळालेले उत्तर अर्धे बरोबर आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेली कोणतीही वस्तू सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून कार्यालयाबाहेर जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. परंतु नोंदवहीतून वस्तू बाहेर पडण्याची वाट एकच असते आणि ती भंगारात संपते, हा समज चुकीचा आहे. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१७ पाहा. त्यात वस्तू अतिरिक्त ठरणे, कालबाह्य ठरणे आणि निरुपयोगी ठरणे या तीन गोष्टींचा वेगवेगळा उल्लेख आहे आणि वस्तू तशी का ठरवली याची कारणे सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी नोंदवावीत, असे म्हटले आहे. राज्याच्या कार्यालयांना हे नियम थेट लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ आहे, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांसाठी १९६८ ची लेखासंहिता आहे. म्हणून पहिल्याच दिवशी हे कार्यालय नेमके कोणाचे, केंद्राचे, राज्याचे की जिल्हा परिषदेचे, ते विचारून घ्या. मंजुरी कोणी द्यायची हे त्यावर ठरते आणि अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो तिथेच राहतो.

माझ्या अनुभवात खरी अडचण नियमांपेक्षा शब्दांची असते. समितीने सगळ्या वीस यंत्रांपुढे सरसकट ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला, की मग शाळेला निरुपयोगी वस्तू कशी द्यायची, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघतो आणि अधिकारी हात आखडता घेतो. त्याऐवजी समितीपुढे जाण्याआधीच यंत्रांची छाननी होऊन ‘चालू स्थितीत, परंतु या कार्यालयाच्या गरजेपेक्षा अतिरिक्त’ आणि ‘दुरुस्तीपलीकडील’ अशा दोन स्वतंत्र याद्या झाल्या, तर पहिल्या यादीसाठी हस्तांतरणाचा प्रस्ताव ठेवता येतो. कार्यालय जिल्हा परिषदेचेच असेल, तर काम तुलनेने सोपे आहे, कारण वस्तू त्याच संस्थेच्या मालकीची राहते. एका नोंदवहीतून कमी होते, दुसऱ्या नोंदवहीत चढते आणि दोन्हीकडे हस्तांतरणाच्या आदेशाचा क्रमांक येतो. कार्यालय राज्याच्या एखाद्या विभागाचे असेल, तर त्या विभागाच्या जिल्हास्तरीय अधिकाऱ्याची, प्रसंगी त्याहून वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागेल. त्याला वेळ लागतो, हे गृहीत धरा.

तोंडी विचारणा पुरेशी नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, त्यात मुलांची संख्या, सध्याची साधने आणि यंत्रे ठेवण्याची सोय लिहा, आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे मागणीपत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवा. कपाट उघडायला कारण लागते आणि आवक क्रमांक पडलेला कागद हे कारण पुरवतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. केंद्राच्या वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने जुलै २०२३ मध्ये पात्र अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपविषयी जे कार्यालयीन ज्ञापन काढले, त्यात चार वर्षांच्या वापरानंतर ते यंत्र अधिकाऱ्याला स्वतःकडे ठेवण्याची मुभा आहे, मात्र त्याआधी त्यातील माहिती पूर्णपणे पुसली गेली आहे याची खात्री विभागाने करायची आहे. ते ज्ञापन आपल्या प्रकरणाला लागू नाही. तरीही वापरलेले शासकीय यंत्र भंगाराखेरीज अन्यत्र जाऊ शकते आणि त्यासाठी माहिती पुसणे ही पूर्वअट असते, हे तत्त्व शासनाला मान्य आहे, एवढे त्यातून दाखवता येईल.

मालवणचा_दुरुस्तीवाला यांचे उत्तर

गुरुजी, माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि किनाऱ्यावरच्या शाळा, बँका, पतसंस्था यांची यंत्रे माझ्याकडे येतात. पावसाळ्याविषयीची आपली चिंता अगदी योग्य आहे. बहुतेक कार्यालयांत तिचा कोणी विचारच करत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाचे कण हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक काळ त्याहून जास्त असते आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात, कपाटात, यंत्राच्या जाळीतून आत, सगळीकडे पोहोचतात. जे यंत्र रोज चालू असते ते आतून ऊबदार राहते, त्यामुळे ओल धरून बसत नाही. बंद यंत्रात मात्र खारट ओलीचा पातळ थर मदरबोर्डवर तसाच राहतो. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, मेमरीच्या फळीचे आणि कीबोर्डच्या पट्टीचे संपर्क जातात, पंख्याचे बेअरिंग धरते. रोज वापरातला दहा वर्षांचा लॅपटॉप चालतो आणि त्याच खरेदीतला, कपाटात दोन पावसाळे काढलेला त्याचा जोडीदार सुरूच होत नाही, असे मी नेहमी पाहतो. म्हणून प्रस्ताव मंजूर होईपर्यंतही त्या कार्यालयाला एवढी विनंती करा, की यंत्रे लोखंडी कपाटातून काढून कोरड्या खोलीत, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि महिन्यातून एकदा तासभर चालू करावीत. याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. फक्त ज्यांची बॅटरी फुगलेली दिसते, ती यंत्रे चार्जरला लावू नयेत. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आता उपयोगाविषयी. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर असल्यास ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचेच चालतात. २०१५-१६ ची यंत्रे पाचव्या-सहाव्या पिढीची असणार, म्हणजे ती त्या चाळणीत बसत नाहीत. यंत्र सुस्थितीत असूनही ते भंगार ठरण्याचे सध्याचे मोठे कारण हेच आहे आणि ते कारण सॉफ्टवेअरचे आहे, यंत्राचे नव्हे. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली, म्हणजे लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती किंवा आपल्या सी-डॅक या शासकीय संगणक संस्थेने तयार केलेली बॉस लिनक्स घातली, की शाळेची कामे व्यवस्थित होतात. लिब्रे ऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच, लहान मुलांसाठी टक्स पेंट, आणि इंटरनेट नसेल तेव्हा किविक्स वापरून उतरवून ठेवलेला विकिपीडिया, एवढ्यात सातवीपर्यंतच्या मुलांची गरज भागते. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासूनच असतो. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला जातो, तेव्हा हा काही गरिबीचा उपाय मानू नये.

लिनक्स घालूनही यंत्र रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी लहानशी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घातली आणि मेमरी चारऐवजी आठ जीबी केली, की मुले तक्रार करत नाहीत. वीस यंत्रांतून वीसही चालू करण्याचा हट्ट धरू नका. एकाच मॉडेलची असतील, तर एकाचा पडदा, दुसऱ्याचा कीबोर्ड, तिसऱ्याची बिजागरी असे करून बारा-चौदा चांगली यंत्रे उभी राहतात आणि उरलेली सुट्या भागांसाठी राहतात. एक गोष्ट कार्यालयाकडून आधीच मागून घ्या, ती म्हणजे बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, पासवर्ड. तो ज्या कर्मचाऱ्याने लावला त्याची बदली झालेली असते, आणि मग चांगले यंत्र केवळ कुलूप उघडत नाही म्हणून फुकट जाते.

बॅटरी हा वेगळा विषय आहे. दहा वर्षांच्या लिथियम-आयन बॅटरीकडून काही अपेक्षा ठेवू नये. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा यंत्र टेबलावर डगमगू लागले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून ती जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. तिला टोचू, दाबू किंवा उन्हात ठेवू नये. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, मुलांपासून लांब ठेवावी. बॅटरीवाचून बरेच लॅपटॉप चार्जरवर चालतात, परंतु काही मॉडेलांचा वेग त्यामुळे मुद्दाम कमी होतो आणि वीज गेली की यंत्र तत्काळ बंद पडते. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. पाच-सहा यंत्रांना मिळून एक साधा इन्व्हर्टर असला, तर प्रत्येकासाठी नवी बॅटरी घेण्यापेक्षा ते परवडते. नवी बॅटरी घ्यावीच लागली, तर भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६०४६ हे चिन्ह पाहूनच घ्यावी. स्वस्तातल्या बिननावाच्या बॅटऱ्या मी शाळेसाठी कधीच बसवत नाही.

माहितीची_चौकीदार यांचे उत्तर

नमस्कार गुरुजी. मी रत्नागिरीतील एका पतसंस्थेत माहिती व्यवस्था पाहते. आपण विचारलेल्या चार प्रश्नांपैकी माहितीचा प्रश्न सर्वांत आधी सुटला पाहिजे. तो सुटला नाही, तर कोणताही जबाबदार अधिकारी सही करणार नाही, आणि त्याने करूही नये.

अशा यंत्रात काय असते, याची कल्पना करून पाहा. लाभार्थ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, बँक पासबुकांची पहिली पाने, उत्पन्नाचे दाखले, ब्राउझरमध्ये जपलेले योजनांच्या संकेतस्थळांचे पासवर्ड, डिजिटल स्वाक्षरीसाठी बसवलेली सॉफ्टवेअरे. फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा डिस्क झटपट (‘क्विक’) ‘फॉरमॅट’ केल्याने यांतले काहीच जात नाही. संगणक फक्त ती जागा मोकळी असल्याची खूण करतो आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने बहुतेक फाइली परत काढता येतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ आता आलेला आहे. तो नसता तरी गावच्या लोकांची कागदपत्रे शाळेतल्या मुलांच्या हाती पडणे हे कोणालाच रुचणार नाही.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये किंवा यादृच्छिक अंक लिहिणे पुरेसे असते. सात वेळा, पस्तीस वेळा लिहावे ही समजूत जुन्या काळातल्या डिस्कांची आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते आणि तीही आधुनिक डिस्कसाठी सर्वसाधारणपणे एकदाच लिहिणे पुरेसे मानते. एन-वाइप नावाचा मुक्त प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू करून हे काम होते. पाचशे जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, त्यामुळे एका दिवसात चार-पाच यंत्रे ओळीने लावली तर आठवडाभरात सगळे आटोपते. एसएसडीचा मात्र प्रकार निराळा आहे. तिच्यातला नियंत्रक झीज समान राहावी म्हणून माहिती सतत वेगवेगळ्या पेशींत हलवत असतो आणि काही पेशी राखीव ठेवतो. बाहेरून कितीही वेळा लिहिले तरी त्या राखीव पेशींपर्यंत आपण पोहोचत नाही. तिथे डिस्कची स्वतःचीच ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ ही आज्ञा वापरावी लागते. २०१५-१६ च्या शासकीय खरेदीत एसएसडी क्वचितच असेल, पण मध्यंतरी कोणी बदलली असल्यास तपासून घ्यावे.

जी डिस्क फिरतच नाही तिचे काय, हा प्रश्न हमखास येतो. ती पुसता येत नाही, म्हणून ती मोडावीच लागते, आणि तीही कार्यालयातील जबाबदार व्यक्तीच्या समक्ष. अनेक अधिकारी शंका नको म्हणून सगळ्याच डिस्क काढून ठेवतात आणि बिनडिस्कची यंत्रे द्यायला तयार होतात. मला हा मार्ग वावगा वाटत नाही. दुरुस्तीवाल्यांनी वर लिहिलेच आहे, की जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी घालणे तसेही हिताचे आहे. मग जुन्या डिस्कच्या विश्वासार्हतेवर वाद घालण्यापेक्षा त्या कार्यालयातच राहू द्याव्यात.

पुसण्याचे काम शाळेने अंगावर घेऊ नये. ते यंत्र देणाऱ्या कार्यालयाचे काम आहे. प्रत्येक यंत्राचा आणि डिस्कचा अनुक्रमांक, पुसण्याची पद्धत, तारीख आणि करणाऱ्याची व पडताळणाऱ्याची सही असा एक कागद हस्तांतरणाच्या आदेशाला जोडून घ्यावा. पुढे कधी काही निघालेच, तर शाळेचे संरक्षण त्या कागदाने होईल.

जांभ्याची_विहीर यांचे उत्तर

सर्वांची उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी मी थोडा विरोधी सूर लावतो. राजापूर भागात आम्ही काही जण कचऱ्याच्या प्रश्नावर काम करतो. या भागातल्या शाळांच्या कपाटांत याआधी दान म्हणून आलेले बंद संगणक, फुटके प्रोजेक्टर आणि निकामी यूपीएस किती आहेत, ते कोणीही जाऊन पाहावे. देणाऱ्याच्या नोंदवहीतून वस्तू उतरली, फोटो निघाले आणि तीन वर्षांनी तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी अशा संस्थेवर आली, जिच्याकडे त्यासाठी ना पैसा आहे ना माणूस. कार्यालयाला न झेपलेला कचरा शाळेच्या माथी मारणे याला मी पुनर्वापर म्हणणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो, हे आपल्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, संध्याकाळी उठणाऱ्या काळ्या धुरावरून कळते. तांबे मिळवण्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि त्यांच्या पीव्हीसी आवरणातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. राख तिथेच राहते. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपून खालच्या वाडीतल्या विहिरींत आणि झऱ्यांत उतरतो, आणि राखेतले शिसे किंवा अन्य जड धातू त्याच वाटेने जाऊ शकतात. पठारी प्रदेशातल्या काळ्या मातीपेक्षा आपल्याकडे हा धोका जास्त गांभीर्याने घ्यायला हवा.

कायद्याची बाजू अशी आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. एका आर्थिक वर्षात एक हजार किंवा त्याहून अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था त्यांनुसार मोठा ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच द्यायचा असतो. एखादी शाळा या व्याख्येत येणार नाही, पण संपूर्ण जिल्हा परिषद एक संस्था म्हणून मोजली, तर हजारचा आकडा सहज ओलांडला जाईल. वजनावर लिलाव करून बोली जास्त आली म्हणून नाक्यावरच्या भंगारवाल्याला लॅपटॉप देणे हे म्हणूनच नियमांना धरून नाही. लिलाव करायचाच असेल, तर बोली लावणारा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीकृत आहे ही अट निविदेतच असली पाहिजे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. उलट बाजूने हेही सांगतो, की ज्या वस्तूला कोणी कचरा म्हणून टाकलेले नाही, ती चालू स्थितीत दुसऱ्याच्या वापरासाठी देणे हे ई-कचऱ्याच्या व्याख्येत येत नाही. शाळेसाठी यंत्र दुरुस्त करून देणाऱ्या स्थानिक कारागिराने घाबरण्याचेही कारण नाही. नूतनीकरण करणारा म्हणून नोंदणी ही जुनी यंत्रे सुधारून बाजारात विकणाऱ्यांसाठी आहे.

तेव्हा माझा आग्रह एवढाच आहे. हस्तांतरणाच्या आदेशातच परतीची अट घालून घ्यावी, म्हणजे शाळेत निकामी झालेले यंत्र देणारे कार्यालय किंवा जिल्हा परिषद परत घेईल आणि पुनर्प्रक्रियेसाठी पाठवील. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतून माल नेणारी नोंदणीकृत केंद्रे मुख्यतः तळोजा, वसई, पुणे अशा बाजूंना आहेत आणि पाच-सात यंत्रांसाठी कोणी गाडी पाठवणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांचा आणि शाळांचा माल एका ठिकाणी, छपराखाली आणि सिमेंटच्या जमिनीवर गोळा झाला, तरच गाडी येते. नोंदणीकृत केंद्रांची यादी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि शंका असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारता येते.

सड्यावरची_शाळा (प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. जांभ्याची_विहीर यांचा आक्षेप मला पटतो. आमच्याच शाळेत एक बंद प्रोजेक्टर आणि दोन यूपीएस पडून आहेत, त्यामुळे परतीच्या अटीचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत ठराव मांडतो. ते कार्यालय पंचायत समितीच्याच अखत्यारीतले असल्याचे कळले आहे, म्हणजे भांडारपाल साहेबांनी सांगितलेली सोपी वाट इथे लागू व्हावी.

आणखी दोन शंका आहेत. एसएसडी, मेमरी आणि इन्व्हर्टर यांचा खर्च शाळेने कोणत्या पैशांतून करावा? आणि आदेश निघायला पावसाळा उजाडला, तर यंत्रे त्याआधी शाळेत आणून ठेवता येतील का?

निवृत्त_भांडारपाल

गुरुजी, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. आदेशाशिवाय यंत्रे शाळेत आणून ठेवू नका. चांगल्या हेतूने केलेली अशी गोष्ट चौकशीत वाईट दिसते, आणि त्या काळात एखादे यंत्र चोरीला गेले तर वसुली कोणावर निघेल हे आपण जाणताच. मात्र गटविकास अधिकाऱ्यांनी तात्पुरत्या वापरासाठी म्हणून परत करण्याच्या बोलीवर पोचपावती घेऊन काही यंत्रे देण्याचे लेखी पत्र दिले, तर ते चालते, कारण मालकी आणि नोंद दोन्ही जिथल्या तिथे राहतात. डिस्क पुसण्याची अट या तात्पुरत्या देण्यालाही लागू धरा. मागणीपत्रातच हा पर्याय मांडा आणि ते एप्रिल संपण्याच्या आत आवक होईल असे पाहा. मार्चअखेरीस लेखा शाखेकडून कशाचीच अपेक्षा ठेवू नये, आणि मेमध्ये निम्मे कार्यालय रजेवर असते.

खर्चासाठी ‘समग्र शिक्षा’ या शासकीय शालेय योजनेचे संयुक्त शाळा अनुदान असते. त्यात शाळेतील साधनांची देखभाल-दुरुस्ती बसते, परंतु छोट्या शाळेला मिळणारी रक्कम तुटपुंजी असते आणि ती वीजबिल, खडू, स्वच्छता यांतच संपते. म्हणून तिच्यावर फार विसंबू नका.

मालवणचा_दुरुस्तीवाला

खर्चाविषयी माझा अनुभव सांगतो. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा वाडीच्या मंडळापुढे ‘संगणक कक्षासाठी मदत करा’ असे मोघम आवाहन करू नये. अमुक यंत्राला एवढी मेमरी, तमुक यंत्राला एसएसडी, अशी यंत्रवार यादी भिंतीवर लावावी. ज्याला जे जमेल ते तो उचलतो. पैसे रोख घेण्याऐवजी वस्तू घ्याव्यात, म्हणजे हिशेबाचा प्रश्नही राहत नाही, फक्त शाळेच्या नोंदवहीत ती देणगी म्हणून चढवून घ्यावी. मुंबईत संगणकाच्या कामात असलेली गावची तरुण मुले चार दिवस बसून लिनक्स घालून देतात, असेही मी पाहिले आहे. यादी करण्यापूर्वी मात्र प्रत्येक मॉडेलची मेमरी डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, ते यंत्र उघडून पाहून घ्या. २०१५-१६ च्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि एकाची फळी दुसऱ्यात बसत नाही. यंत्रांच्या मागच्या बाजूचे मॉडेल क्रमांक इथे लिहिलेत, तर कोणाला काय लागेल ते मी कळवीन.